थ्री नॉट थ्रीची पारख

दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला, की नांदेड-लातूरकडच्या वर्तमानपत्रांत मुक्तिसंग्रामाची जुनी छायाचित्रं छापून येतात. खांद्याला बंदुका लावलेले तरुण, त्यांच्या चेहऱ्यांवरचा निर्धार. आपण चेहरे पाहतो आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी तुम्हाला त्यांच्या खांद्यावरच्या बंदुकीकडे पाहायला सांगणार आहे. ती बंदूक खरोखर कितपत कामाची होती? १९४८ साली कोणाचं बळ किती होतं, हे ठरवायचं तर हा प्रश्न विचारावाच लागतो.

त्या काळची लष्करी रायफल म्हणजे थ्री नॉट थ्री. तिचा प्रसिद्ध नमुना इंग्रजांनी १९०७ मध्ये स्वीकारला. पुढे ती बंगालमध्ये इशापूरच्या कारखान्यात बनू लागली आणि तिची काडतुसं पुण्याजवळ खडकीला. वजन चार किलोच्या आसपास, पेटीत दहा गोळ्या, आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा. दोन महायुद्धं तिने पाहिली. मोठं युद्ध संपलं की अशा रायफली शिल्लक उरतात. अमेरिकेत त्या दुकानांतून स्वस्तात विकल्या गेल्या. आपल्याकडे मात्र हा बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध. परवाना घेऊन एखाद्या शेतकऱ्याने ठेवलेली .३१५ ही तिचीच धाकटी बहीण. पण लष्करी काडतूस तिच्यात चालू नये, म्हणून तिचं काडतूस मुद्दाम वेगळं ठेवलेलं.

मी कॉलेजात एनसीसीत होतो तेव्हा कवायतीला डीपी रायफल मिळायची. म्हणजे दिसायला थ्री नॉट थ्री, पण गोळी झाडण्यास निकामी केलेली. प्रत्यक्ष नेमबाजी .२२ वर. पण आमच्या उस्तादांनी जुन्या रायफलीची पारख कशी करायची, हे मन लावून शिकवलं. इतिहास शिकवताना मला ती शिकवण फार उपयोगी पडली.

पहिली गोष्ट, बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहायचं. आत पिळदार खाचा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. त्या गोळीला फिरकी देतात आणि फिरकीमुळेच गोळी सरळ जाते. इंग्रजांनी पोलिसांसाठी याच रायफलीच्या .४१० बोअरच्या मस्केटी करून घेतल्या होत्या. नळी आतून गुळगुळीत, एका वेळी एकच गोळी. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणं कठीण. म्हणजे खरी रायफल, पोलिसी मस्केट आणि कवायतीची डीपी, तिन्ही छायाचित्रात सारख्याच दिसणार!

दुसरी गोष्ट, बोल्टवरचा क्रमांक आणि रायफलीच्या अंगावरचा क्रमांक जुळतो का? एकीचा बोल्ट दुसरीत घातला असेल, तर काडतुसामागे जागा कमीजास्त राहते आणि काडतूस फाटण्याची भीती असते. तिसरी गोष्ट, नळीचं तोंड. पुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूने घासत ओढली, तर तिथलं लोखंड झिजतं आणि नेम बिघडतो. चौथी, लाकूड. ते आकसलं वा फुगलं, की नळीवर दाब येतो आणि काल बरोबर लागलेली गोळी आज बाजूला जाते.

या साऱ्यांत पास झालेली रायफलही अजून भरवशाची नसते. तिला झीरो करावं लागतं. एकाच ठिकाणी नेम धरून पाच गोळ्या झाडायच्या. त्या एकमेकींजवळ लागल्या, तर रायफल आणि माणूस दोघंही ठीक. मग तो पुंजका मध्यापासून किती सरकलाय ते पाहायचं. गोळ्या डावीकडे गेल्या तर नळीच्या टोकावरची माशी डावीकडेच सरकवायची. गोळ्या खाली गेल्या तर कमी उंचीची माशी बसवायची. पुन्हा पाच, आणि खात्रीसाठी आणखी पाच. शंभर यार्डांवर वीतभर चुकणारी रायफल तीनशे यार्डांवर तीन विती चुकते. म्हणजे समोरचा माणूस सुखरूप!

आता हे १९४८ च्या मराठवाड्याला लावून पाहा. नांदेडकडचे कार्यकर्ते हद्दीपलीकडे उमरखेडच्या कॅम्पवर, इकडचे सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीवर. एका रायफलीच्या झीरोसाठी पंधरा काडतुसं खर्चायची, हा हिशेब त्यांना कसा परवडावा? ज्याच्याकडे मोजकीच काडतुसं असतात, तो ती लक्ष्याच्या कागदावर उडवत नाही. शिवाय मोकळ्या रानात गोळीचा आवाज दूरवर जातो. म्हणून अशा दलांची लढाई जवळून व्हायची. ३० जानेवारी १९४८ ला उमरीच्या बँकेवर जी धाड पडली, तशा कामात अंतर गल्लीच्या रुंदीएवढं. तिथे झीरोपेक्षा बोल्ट न अडकणं महत्त्वाचं, आणि त्याहून महत्त्वाचं अंगातलं धाडस. तीनशे यार्डांवरून लढण्याची सोय ज्यांना नव्हती, ते तीस पावलांवर गेले. त्यांच्या शौर्याचं माप काढताना हे अंतर ध्यानात घेतलं पाहिजे.

दुसऱ्या बाजूलाही हीच पारख लावू. लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीच्या रझाकारांची संख्या दोन लाखांच्या घरात सांगितली जाते. त्यांतल्या सुमारे चौथाईकडे आधुनिक बंदुका. बाकीच्यांकडे मुख्यतः ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ मध्ये कराचीहून विमानांनी हैदराबाद संस्थानात चोरून शस्त्रं आणत होता. पण रायफलींची खोकी उतरली म्हणजे नेमबाज उतरले असं होत नाही. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, त्याच दिवशी नळदुर्ग पडला, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. दोन लाखांचा आकडा पाच दिवसांत विरला.

मग तो आकडा खोटा का? तसंही म्हणता येत नाही, आणि इथे मला थांबावंसं वाटतं. बिलोली-कंधारकडच्या एखाद्या खेड्यातला निःशस्त्र शेतकरी रझाकारांची टोळी दारात पाहत होता तेव्हा अंतर होतं दहा पावलांचं. तिथे झीरो लागत नाही, खाचा लागत नाहीत, तलवारही पुरते. अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या १९४६ मध्येच झाली होती. फौजेपुढे कुचकामी ठरलेली शस्त्रं गावावर दहशत बसवायला पुरेशी होती. म्हणून ‘पाच दिवसांत तर सगळं संपलं’ असं म्हणून त्या आधीच्या वर्षांचं दुःख हलकं करू नये.

थ्री नॉट थ्री पुढेही पुष्कळ काळ पोलिसांच्या खांद्यावर राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० ला. आपल्या गावातली मुक्तिसंग्रामाची पिढी आता जवळपास सरली. घराघरांत त्यांची छायाचित्रं मात्र आहेत. त्यांवर नुसतं ‘सशस्त्र लढा’ एवढंच लिहून भागणार नाही. बंदूक कुठली, काडतुसं किती, समोरचा किती पावलांवर, हे घरच्या आठवणींतून जेवढं मिळेल तेवढं मागे लिहून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)