ड्यूको, हार्डनर आणि रंगाऱ्याचा दमा

गॅरेजमध्ये आपण सहज म्हणतो, "दरवाजाला ड्यूको मारून द्या." सुतारही कपाटाला ड्यूको करायचा का, असं विचारतो. ड्यूको हे मुळात एका अमेरिकन कंपनीच्या रंगाचं नाव. तो रंग आला आणि गाडी रंगवणाऱ्या माणसाचे आजारही बदलले.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवत. ब्रशने तेलाचा रंग आणि व्हार्निश लावायचं, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा वरचा थर. एका गाडीला काही आठवडे लागत. त्या काळी रंगाऱ्यांचा शत्रू म्हणजे शिसं. घासताना त्याची धूळ उडे आणि मग पोटात कळा, रक्त कमी होणं, मनगट लुळं पडणं.

पहिल्या महायुद्धात ड्यूपाँ कंपनी स्फोटकं बनवत होती. त्यातल्याच नायट्रोसेल्युलोजपासून तिने झटपट वाळणारा रंग काढला, ड्यूको. १९२४ च्या ओकलंड गाड्या या रंगात निळ्या होऊन बाजारात आल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं. पण इतक्या लवकर वाळणारा रंग ब्रशने नीट बसत नाही, त्याला स्प्रे गन लागते. माझ्या मते खरा बदल इथे झाला. हाताला लागणारा रंग आता धुकं होऊन श्वासात जाऊ लागला. शिवाय अशा रंगांच्या थिनरमध्ये तेव्हा बेन्झिन असे, जे हाडांतल्या मज्जेवर घाव घालतं. अ‍ॅलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९२२ मध्येच बेन्झिनच्या वाढत्या वापराबद्दल इशारा दिला होता.

पुढे भट्टीत भाजायचे एनॅमल आले, मग अ‍ॅक्रिलिक. १९७० नंतर मात्र दोन डब्यांचा रंग रूढ होऊ लागला: एकात रंग किंवा क्लिअर, दुसऱ्यात हार्डनर. आज तुमच्या गाडीवर जी काचेसारखी चमक आहे, ती बहुधा याचीच.

या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. भोपाळचा वायू याच कुळातला, पण हार्डनरमधलं रसायन वेगळं आहे; ते तसं भराभर हवेत उडत नाही. स्प्रे गन त्याचं धुकं करते. काही जणांचं शरीर त्याला 'ओळखून' ठेवतं. काही महिने किंवा वर्षं काहीच होत नाही आणि मग दमा सुरू होतो. त्यानंतर अगदी थोडा वाससुद्धा पुरतो, किंबहुना वास यायच्या आतही त्रास होतो.

फसवं असं की खोकला आणि छातीतली घरघर अनेकदा काम संपल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री येते. मग दोष थंड पाण्याला, पंख्याला, धुळीला. सुट्टीत गावी गेल्यावर बरं वाटतं, तेव्हा म्हणतात, "गावची हवा मानवली." मानवली ती हार्डनरपासून मिळालेली सुटका!

नाकाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क इथे उपयोगाचा नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क आणि हवा खेचून घेणारी बंद खोली लागते. युरोपात ऑगस्ट २०२३ पासून हे रसायन वापरणाऱ्या कामगारांना प्रशिक्षण सक्तीचं आहे. पाण्यात मिसळणारे रंग आले आहेत, त्यामुळे थिनरची वाफ कमी झाली. पण त्यावरच्या क्लिअर कोटमध्ये हार्डनर बहुधा असतोच.

घरात कोणी डेंटिंग-पेंटिंगचं काम करत असेल आणि खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना नुसतं "गॅरेजमध्ये आहे" असं सांगू नका, "स्प्रे मारतो, हार्डनर वापरतो" असं सांगा. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारं छोटं पीक फ्लो मीटर मिळतं. कामाच्या दिवसांत आणि सुट्टीत, दिवसातून चार वेळा आकडे लिहून आणा. पंप सुरू करण्याआधी ही वही हाती असली तर निदान सोपं जातं. पण धाप लागत असेल तर वहीसाठी थांबू नका, लगेच या.