क्लोन आणि स्नॅपशॉट : दोन शब्दांची उलटापालट

१/ फाइल सिस्टिममध्ये ‘स्नॅपशॉट’ म्हणजे गोठवलेली प्रत आणि ‘क्लोन’ म्हणजे जिच्यात बदल करता येतात ती प्रत, असे आज बहुतेक जण सांगतील. १९८८ मध्ये तसे नव्हते. आजही सर्वत्र तसे नाही.

२/ ‘स्नॅपशॉट’ मूळचा शिकाऱ्यांचा : नेम न धरता घाईने झाडलेली गोळी. ‘क्लोन’ हा शब्द वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट वेबर यांनी १९०३ मध्ये ‘डहाळी’ अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवला. आपल्या कलमाच्या जवळचाच.

३/ कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० च्या दशकात अँड्र्यू फाइल सिस्टिम घडत होती. वापरणाऱ्यांचे काम न थांबवता एका सर्व्हरवरचा ‘व्हॉल्यूम’ दुसऱ्यावर कसा हलवावा, हा पेच होता. उपाय असा : व्हॉल्यूमची त्या क्षणाची गोठलेली प्रत घेऊन ती पाठवावी; दरम्यान मूळ बदलले, तर पुन्हा प्रत घेऊन केवळ बदललेल्या फाइली पाठवाव्यात. प्रत घेताना सारा मजकूर उतरवला जात नसे. जे बदलेल तेवढेच नव्या जागी लिहिले जाई. १९८८ च्या शोधनिबंधात या गोठलेल्या प्रतीचेच नाव ‘क्लोन’ आहे!

४/ ‘स्नॅपशॉट’ रूढ झाला तो, माझ्या मते, नेटअ‍ॅपमुळे. डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये ‘वॅफल’ फाइल सिस्टिमचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा जास्तीत जास्त २० स्नॅपशॉट ठेवता येत. चुकून पुसलेली फाइल वापरकर्ता स्वतःच त्यांतून परत आणू शके. प्रशासकाची मनधरणी नको.

५/ सन मायक्रोसिस्टिम्सच्या झेडएफएसने (२००५) आजची विभागणी पक्की केली : स्नॅपशॉट अचल, त्यातून काढलेला क्लोन बदलता येणारा. क्लोन असेपर्यंत त्याचा स्नॅपशॉट काढून टाकता येत नाही. कलम तगवायचे, तर खुंट उपटून कसे चालेल? (हे अवलंबित्व उलटे करण्यासाठी ‘प्रमोट’ ही आज्ञा आहे.)

६/ लिनक्सच्या बीटीआरएफएसने मात्र घोळ घातला. तेथे स्नॅपशॉट वेगळे न सांगितल्यास बदलता येण्याजोगाच बनतो. अचल हवा, तर तसे मागावे लागते. झेडएफएसवर हात बसलेला प्रशासक येथे ‘जुनी स्थिती सुरक्षित आहे’ असे गृहीत धरतो, आणि एखादी प्रक्रिया त्या प्रतीतच लिहून जाते. शिवाय मूळ आणि प्रत एकाच डिस्कवर. डिस्क गेली की दोन्ही गेले.

७/ अँड्र्यूचा वारस ओपनएएफएस जुन्या अर्थाशी प्रामाणिक आहे. त्याचा बॅकअप व्हॉल्यूम आजही ‘क्लोन’च म्हणवतो, आणि त्यात एक अक्षरही लिहिता येत नाही.