ग्रंथवाचनाच्या बैठका आणि मातृभाषा

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्याने देशाच्या कानाकोपऱ्यांतील माणसे एका गावी आणून वसविली. आपला मुलूख सोडून आलेला मनुष्य सामानाबरोबर आपली भाषा आणि आपली उपासनाही घेऊन येतो. कुरुद-भिलाई परिसरातील मराठी कुटुंबे याला अपवाद नव्हती. चार घरची माणसे एकत्र बसून भजन म्हणतात, ग्रंथ वाचतात, प्रार्थना करतात, आणि परका मुलूख हळूहळू आपला होतो.

ख्रिस्ती समाजात अशा बैठकांना फार मोलाचे स्थान आहे. बायबलचे वाचन, त्यावरील मनन आणि परस्परांशी सहभागिता ही त्यांची तीन अंगे. छत्तीसगडच्या भूमीत रेव्ह. ऑस्कर लोर यांनी 1868 मध्ये बिश्रामपूर येथे कार्य आरंभिले. मराठी मुलखातील परंपरा त्याहून जुनी आहे. त्या परंपरेचा इतिहास पाहिला, तर मराठी भाषेच्या आणि मराठी शाळेच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित धागा हाती लागतो.

ग्रंथ सर्वांनी वाचावा असे एकदा ठरले, की दोन प्रश्न उभे राहतात. तो कोणत्या भाषेत असावा? आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांचे काय? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचा अभ्यास केला. त्यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये व कोश 1810 मध्ये प्रसिद्ध झाला. गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी 1813 मध्ये मुंबईस आले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे छापखाना घातला. या छापखान्यात मराठी अक्षरांचे खिळे सुबक करण्याचे काम झाले आणि निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी यांनी आपल्या उमेदवारीचा काळ तेथेच घालविला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शाळा हे होते. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे मिस सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. त्या पाहून महात्मा जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि 1848 मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फॅरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. शाळेची प्रेरणा एका धर्माच्या मंडळींकडून आली आणि तिचे फळ साऱ्या समाजाला मिळाले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तथापि छापील पुस्तकाने सारे साधले नाही. आरंभीच्या उपासनेत परक्या चालींवर बसविलेली गीते गायिली जात. ती तोंडपाठ होत, पण अंतःकरणास भिडत नसत. ही उणीव अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ओळखली. पूर्वरंग, उत्तररंग, वीणा आणि टाळ यांसह त्यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनरूपाने उभे केले. ज्यांना वाचता येत नव्हते, ते शेतकरी आणि मजूर ऐकता ऐकता शास्त्र शिकले. पुढे रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी अभंगाची वाट धरली. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने ज्ञानोबा-तुकोबांशी असलेले नाते तोडले नाही. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त या सर्वांनी बंधुभावाने एकत्र यावे, हा तिचा गाभा होता.

हा इतिहास सरळ सुखाचा नाही. टिळकांच्या धर्मांतराने घर दुभंगले, आणि लक्ष्मीबाईंनी त्या काळात सोसलेले दुःख त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करते. पंडिता रमाबाईंच्या पुण्यातील शारदा सदनावर 1893 मध्ये धर्मांतराचा आरोप होऊन अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खरी होती, आणि निराधार मुलींना शिकविण्याची रमाबाईंची तळमळही खरी होती. दोन्ही बाजू समजून घेतल्याशिवाय त्या काळाला न्याय देता येणार नाही.

रमाबाईंचे शेवटचे कार्य मात्र वादापलीकडचे आहे. 1896-97 च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो निराश्रित स्त्रिया आल्या. 1905 मध्ये तेथील प्रार्थनासभांची वार्ता देशोदेशी पोहोचली. पण सभेत वाचला जाणारा मराठी ग्रंथ त्या स्त्रियांना जड वाटे. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सामान्य बाईला समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. छपाईचे काम मुक्ती सदनातील स्त्रियांनीच पार पाडले. ज्या हातांना कधी पाटी मिळाली नव्हती, त्या हातांनी ग्रंथ छापला. काम पुरे होत असतानाच 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे देहावसान झाले.

पंडितेने आपले पांडित्य बाजूस ठेवून शिकणाऱ्याची भाषा उचलली, यात शिक्षणाचे सारे मर्म आहे. ग्रंथ कोणता वाचावा हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेचे आहे. पण जे शिकवायचे ते शिकणाऱ्याच्या बोलीत उतरले पाहिजे, हा धडा सर्वांचा आहे. हिंदी आणि छत्तीसगढीच्या शेजारात राहून मुलांना मराठी शाळेत घालणाऱ्या पालकांनी हाच धडा स्वीकारला आहे. हीरकमहोत्सवाच्या दीपोत्सवात त्या अनामिक स्त्रियांनी जुळविलेल्या खिळ्यांचीही आठवण राहो.