छाया, अक्स आणि फोटोमागचे नाव

मराठीत फोटोला छायाचित्र म्हणतात. उर्दूत फोटो काढण्याच्या कलेला अक्कासी हा शब्द आहे, तो 'अक्स' म्हणजे प्रतिबिंब यावरून आलेला. एका भाषेने सावली पकडली, दुसरीने आरशातला चेहरा. मी या दोन्ही भाषा शाळेत शिकवतो, त्यामुळे हे दोन शब्द मला नेहमी शेजारीशेजारी दिसतात. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. सावली काय आणि प्रतिबिंब काय, ते कुणाचे तरी असते. मालकाशिवाय सावली नसते.

हिवाळा सुरू झाला की आमच्या सोलापूर भागात फोटोंचा हंगाम सुरू होतो. पहाटे माळावर जाणारी पोरे काळवीट, भोरड्यांचे थवे, घिरट्या घालणारा भोवत्या यांचे फोटो टाकतात. कुणी नान्नजच्या गवताळ रानातून, कुणी हिप्परग्याच्या तलावावरून, कुणी सह्याद्रीतल्या एखाद्या गडावरून. त्याच ग्रुपवर हुरड्याची आगटी, नातवाला मांडीवर घेतलेली दादी, उरुसातली मिठाईची दुकाने, मोहल्ल्यातला चहाचा गाडाही येतो. हे सगळे हौशी लोक. फोटोग्राफी हा कुणाचाच धंदा नाही. लोकांना वाटते की हे सगळे मोबाईलने आणले. मोबाईलने ते सोपे केले हे खरे, पण हौशी माणसाने फोटो काढावा आणि दुसऱ्याला वाटावा ही रीत पावणेदोनशे वर्षे जुनी आहे. तिच्यात मुंबई आहे, लखनौ आहे, मदिना आणि मक्काही आहे. हा इतिहास आपल्या मुलांना कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहितो.

फोटोग्राफीचा शोध जगासमोर जाहीर झाला १८३९ मध्ये. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्यात गोरे अधिकारी होते तसे आपल्याकडचे शिकलेले लोकही होते. ज्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आज भायखळ्याला आहे त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांपैकी एक. पेशाने डॉक्टर, हौसेने छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. पुढे १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी मुंबईतून एक मासिक काढले. त्याच्या नावातच 'हौशी' हा शब्द होता: इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम. तेव्हा फोटो छापखान्यात छापता येत नसत. म्हणून दर अंकात कागदावर काढलेल्या खऱ्या प्रती हाताने चिकटवलेल्या असत. वर्गणीदाराच्या घरी महिन्याला नवे फोटो येत. आजच्या ग्रुपचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

पण त्या फोटोंत कोण होते? मुंबईतल्या रस्त्यावरची माणसे होती. त्यांच्या खाली लिहिले जाई ते जातीचे, जमातीचे किंवा धंद्याचे नाव. पुढे जॉन्सनने अशाच चित्रांवरून मुंबईच्या रहिवाशांविषयी दोन खंडांचे पुस्तक काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यात त्याने एके ठिकाणी काढलेल्या माणसांच्या आकृती कापून दुसऱ्याच ठिकाणच्या देखाव्यावर बसवल्या. म्हणजे माणूस खरा, मागची जागा भलतीच आणि नाव तर नाहीच. तो माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, ओले रसायन लावलेली काच टिपून होईपर्यंत न हलता थांबला, आणि इतिहासात गेला तो 'अमुक जमातीचा नमुना' म्हणून. त्याचे घर कुठे होते, त्याला किती मुले होती, त्याला स्वतःचा फोटो पाहायला तरी मिळाला का, हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही.

याच सुमारास लखनौमध्ये चित्र उलटे होते. तिथे अहमद अली खान नावाचे गृहस्थ होते. लोक त्यांना छोटे मियाँ म्हणत. ते हुसैनाबाद इमामबाड्याचे दारोगा. फोटोग्राफी ही त्यांची हौस. त्यांनी वाजिद अली शाहांच्या दरबारातल्या लोकांचे फोटो काढले आणि लखनौत राहणाऱ्या इंग्रज स्त्रीपुरुषांचेही काढले. मुंबईत गोरा माणूस कॅमेऱ्यामागे आणि आपला माणूस समोर. लखनौत मुसलमान दारोगा कॅमेऱ्यामागे आणि साहेब-मेमसाहेब समोर.

१८५७ चा उठाव झाला. लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला आणि छोटे मियाँच्या फोटोंतले अनेक चेहरे त्यात कायमचे गेले. त्या फोटोंचे अल्बम आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत बसलेल्या लोकांची नावे लिहिलेली आहेत. कुणी लिहिली? ज्यांना आपली माणसे आठवणीत ठेवायची होती त्यांनी. मुंबईच्या अल्बममधला आपला माणूस निनावी आणि लखनौच्या अल्बममधल्या साहेबाचे नाव शाबूत, याचे कारण कॅमेऱ्यात नाही. फोटो ज्यांच्या घरात राहिला त्यांनी त्याच्यावर नाव लिहिले, एवढेच ते कारण आहे. मी या लेखात पुन्हा पुन्हा याच मुद्द्यावर येणार आहे.

आता मदिनेकडे वळू. मुहम्मद सादिक बे हे इजिप्तच्या सैन्यातले इंजिनिअर. पॅरिसमध्ये शिकलेले. १८६१ मध्ये ते रस्त्याची मोजणी करायला हिजाझमध्ये गेले आणि कामाच्या सामानाबरोबर कॅमेराही घेऊन गेले. मदिनेचे जगातले पहिले फोटो त्यांनी काढले. पुढे १८८० मध्ये हज काफिल्याबरोबर जाऊन त्यांनी मक्केचेही फोटो काढले. उन्हाने तापलेला तंबू, काचेच्या पट्ट्या, रसायने, आणि पट्टी ओली आहे तोवरच फोटो काढून धुऊन घ्यायचा, असे ते काम होते. १८८१ मध्ये व्हेनिसला भूगोलतज्ज्ञांची परिषद भरली, तिथे त्यांना या कामासाठी सुवर्णपदक मिळाले. आपल्या घराघरांत काबागृहाची तसवीर भिंतीवर असते. ती परंपरा एका हौशी इंजिनिअरपासून सुरू होते, हे किती जणांना माहीत आहे?

त्यानंतरची गोष्ट मला जास्त बोचते. १८८५ मध्ये स्नूक हुर्ग्रोन्ये नावाचा डच अभ्यासक मक्केत राहिला. तिथे सय्यद अब्दुल गफ्फार नावाचे एक डॉक्टर होते. योगायोग असा की हुर्ग्रोन्येनेही मक्केत हेच नाव घेतले होते. डॉक्टर त्याच्याकडून फोटोग्राफी शिकले. काही महिन्यांतच हुर्ग्रोन्येला मक्का सोडावी लागली. तो हॉलंडला परतला, पण डॉक्टरांनी काम थांबवले नाही. त्यांनी मक्केचे लोक, देशोदेशींचे हाजी, मस्जिद-ए-हराम, गर्दी असे सगळे टिपले आणि हे फोटो जेद्दाहमार्गे हुर्ग्रोन्येकडे पाठवले. आपल्या फोटोंवर ते सुंदर अरबी अक्षरांत सही करीत: सय्यद अब्दुल गफ्फार, मक्केचे तबीब.

१८८९ मध्ये हॉलंडमध्ये हे फोटो पुस्तकरूपाने छापले गेले. छापताना डॉक्टरांची सही काढून टाकली होती. पुस्तकात उल्लेख राहिला तो 'मक्केचा एक डॉक्टर' एवढाच. विश्वासाने वाटलेले फोटो होते ते. अनेक वर्षे जगाने ते डच विद्वानाचे फोटो म्हणून पाहिले. नंतरच्या अभ्यासकांना मूळ प्रतींवर ती सही सापडली आणि डॉक्टरांना त्यांचे नाव परत मिळाले. सही नसती तर ते कधीच मिळाले नसते.

इथे काही वाचक विचारतील की मुसलमानाने तसवीर काढावी का, हा वाद नव्हता का? होता, आणि काही घरांत आजही आहे. ज्यांना तो मनापासून पटतो त्यांचा मी आदर करतो. पण या वादातही एकच बाजू नव्हती, हे माहीत असावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मोठे आलिम मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटो जायज असल्याचे सांगणारी पुस्तिका लिहिली. त्यांचे म्हणणे असे की फोटो म्हणजे नवी निर्मिती नव्हे. अल्लाहने जे निर्माण केले त्याची सावली फक्त रोखून धरलेली असते. सावली! मराठीने छायाचित्र हा शब्द घेतला तेव्हा तिला काही या पुस्तिकेची खबर नसणार, पण कल्पना एकच निघाली. आपल्याकडे मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९१२ मध्ये कलकत्त्याहून अल-हिलाल सुरू केले तेव्हा त्या उर्दू साप्ताहिकात फोटो छापले जात.

आता प्राणी-पक्ष्यांकडे येऊ. हिंदुस्थानात बराच काळ जंगल पाहिले जाई ते बंदुकीच्या नळीवरून. शिकार मारायची, तिच्यावर पाय ठेवायचा आणि मग फोटो काढायचा. ही सवय मोडणाऱ्यांत वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन होते. वाघाच्या वाटेवर तार लावायची, वाघाचा पाय तारेला लागला की दिवा चमकून फोटो निघायचा, असे त्यांचे तंत्र. १९२७ मध्ये त्यांचे वाघांच्या मुलुखातल्या कॅमेऱ्याविषयीचे पुस्तक आले आणि जिवंत वाघाचा फोटो ही मेलेल्या वाघापेक्षा मोठी कमाई आहे, असे लोकांना वाटू लागले.

आपले डॉ. सालिम अली मुंबईच्या खेतवाडीतले. जन्म १८९६ चा. लहानपणी आईवडील गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवले. त्यांचीही सुरुवात छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाली, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पाठ्यपुस्तकात नसते ती त्यांच्या एका हौशी फोटोग्राफर मित्राची गोष्ट. लोक वान थो हे सिंगापूरचे श्रीमंत व्यावसायिक, सिनेमागृहांचे मालक. १९४२ मध्ये जपानी सैन्य आले तेव्हा ते जहाजाने निसटले. जहाजावर बॉम्ब पडले. ते भाजले, काही काळ त्यांची दृष्टीही गेली. कसेबसे ते हिंदुस्थानात पोचले. इथे त्यांची सालिम अलींशी ओळख झाली आणि ते त्यांच्याबरोबर पक्ष्यांमागे हिंडू लागले. काही काळ ज्याचे डोळेच गेले होते तो माणूस पुढे पक्ष्यांचा नावाजलेला छायाचित्रकार झाला. १९५७ मध्ये त्यांच्या फोटोंचे पुस्तक निघाले. २० जून १९६४ रोजी तैवानमधल्या विमान अपघातात ते गेले. सालिम अलींचे निधनही २० जूनलाच, १९८७ मध्ये.

सालिम अलींच्या कामातून मी एक गोष्ट घेतली. पक्षी पाहिला की तारीख, जागा, वेळ, संख्या लिहायची. नुसता 'सुंदर पक्षी दिसला' याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा असे त्यांना वाटत होते. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. १९७९ मध्ये आमच्या नान्नजच्या बाजूला माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज त्याच माळावर हिंडणाऱ्या पोरांना माळढोक दिसणे म्हणजे नशीब. उद्या कुणी विचारले की इथे शेवटचा माळढोक कधी होता, तर उत्तर एखाद्या हौशी माणसाच्या फोटोतच सापडेल. पण त्या फोटोवर तारीख आणि जागा असेल तरच.

हेच आपल्या माणसांनाही लागू आहे. मी नववीच्या वर्गाला एकदा घरातला सर्वांत जुना फोटो शोधायला सांगितले. फोटो खूप आले. हजच्या पासपोर्टसाठी काढलेले, गिरणीच्या दारातले, निकाहचे, स्टुडिओत ताजमहालच्या पडद्यापुढचे. एका मुलीने तिच्या परदादीचा विडी वळतानाचा फोटो आणला. सगळ्या वर्गाने तो बराच वेळ पाहिला. मी विचारले, "परदादीचे नाव काय?" तिने घरी फोन लावला. अम्मीला माहीत नव्हते. मामूंनाही नव्हते. "सगळे त्यांना बडी अम्मा म्हणायचे," एवढेच उत्तर आले.

म्हणजे आपल्याच घरात, आपल्याच हाताने, आपली बडी अम्मा जॉन्सनच्या अल्बममधल्या बाईसारखी झाली. नाव नसलेली. इथे दोष कुणा साहेबाचा नाही.

मराठी पुस्तकांत, सिनेमांत, बातम्यांत मुसलमानाचा चेहरा ठरावीक साच्याचा येतो, अशी तक्रार आपण करतो. ती खरी आहे. तिला उत्तर भाषणाने मिळणार नाही. विडी वळणारी, माग चालवणारी, शाळेत शिकवणारी, हिवाळ्यात गड चढणारी, पक्षी मोजणारी आपली माणसे रोजच्या रूपात, नावानिशी दिसली पाहिजेत. ते काम हौशी माणूसच करू शकतो, कारण मोहल्ल्यात रोज राहतो तो.

म्हणून विनंती एकच. या सुट्टीत घरातली जुनी पेटी काढा. वडीलधारे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा आणि एकेका फोटोच्या मागे साध्या पेन्सिलने लिहा: कोण, कुठे, साधारण कधी, आणि फोटो काढला कुणी. पेन वापरू नका, शाई पुढे उमटते. मोबाईलमधल्या फोटोंनाही तेवढ्याच चार ओळी जोडा. आमच्या वर्गातल्या त्या मुलीच्या मामूंनी नंतर गावाकडच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकाला फोन करून विचारले. बडी अम्मांचे नाव रहीमतबी होते. आता ते फोटोच्या मागे लिहिलेले आहे.