शूदान कोदो
शूदान कोदो : (सामूहिक हालचाल). जपानी शाळांतील शारीरिक शिक्षणाचा एक भाग. रांग धरणे, वळणे, एकत्र चालणे, थांबणे एवढाच त्याचा मूळ आवाका. म्हणजे आपली शाळेतली कवायतच. शिक्षण मंत्रालयाने १९६५ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली. या कवायतीला प्रेक्षणीय रूप दिले ते टोकिओच्या निप्पॉन क्रीडाविज्ञान विद्यापीठाने. तेथे वॉटरपोलोचे प्रशिक्षक राहिलेले नोबुहिको कियोहारा यांच्या तालमीत घडलेली पथके समोरासमोर येतात आणि धक्का न लागता एकमेकांच्या रांगांतून आरपार जातात, कधी उलट्या पावलांनीही. टक्कर अटळ वाटते आणि होत नाही. सारी मोहिनी त्या क्षणात आहे. लष्करी संचलनाचा दरारा येथे नाही. अंतर चुकले तर सावरायला जागा नसते, कारण पुढचे पाऊल दुसऱ्याच्या रांगेत पडायचे असते.