अ‍ॅम्प, व्हॉल्व्ह आणि आपलं वऱ्हाड

"दादा, ट्यूब अ‍ॅम्प घेऊ की मॉडेलिंगवाला?"

अमरावतीहून मावसभावाचा फोन होता. पोरगा नोकरीला लागून वर्ष झालंय, चाळीस हजार बाजूला टाकलेत आणि इलेक्ट्रिक गिटारसाठी पहिला बरा अ‍ॅम्प घ्यायचाय. मी दोन मिनिटांत "मॉडेलिंगवाला घे" सांगून मोकळा झालो. वर कारणही दिलं, की ट्यूबचा आवाज खरा आणि मॉडेलरचा नकली, पण नकली आता इतका चांगला झालाय की फरक कळत नाही.

फोन ठेवल्यावर वाटलं, उत्तर बरोबर असेल, पण कारण साफ चुकलं. 'खरा' आणि 'नकली' हे दोन्ही शब्द या इतिहासात टिकत नाहीत. म्हणून हा रविवारचा प्रपंच.

आधी नावापासून सुरुवात करू. आपल्याकडे ट्यूब म्हणजे ट्यूबलाइट. अमेरिकन लोक ज्याला ट्यूब म्हणतात, त्याला आपली आधीची पिढी इंग्रजांसारखं व्हॉल्व्ह म्हणायची. १९०४ मध्ये फ्लेमिंगनं तो बनवला. हवा काढलेल्या काचेच्या नळीत एक तापलेला भाग असतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. फक्त एकाच दिशेनं, म्हणून व्हॉल्व्ह, म्हणजे झडप. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टनं मध्ये एक जाळी घातली. जाळीवर व्होल्टेज किंचित बदललं की प्लेटकडे जाणारा प्रवाह भरपूर बदलतो. झाला अ‍ॅम्प्लिफायर तयार!

वऱ्हाडात हा व्हॉल्व्ह गिटारमधून नाही आला, रेडिओतून आला. नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ ला सुरू झाली. त्या काळच्या रेडिओचं बटण फिरवलं की अर्धा मिनिट काहीच व्हायचं नाही. आतले तंतू तापायचे, मग घरघर आणि मग बातम्या. पुढे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं, म्हणजे 'बेल'नं, इथेच व्हॉल्व्ह बनवले. त्यात ईएल ८४ नावाचा एक होता, थोड्या मोठ्या टेबल रेडिओत बसणारा. याच जातीचे चार व्हॉल्व्ह व्हॉक्स एसी ३० या अ‍ॅम्पमध्ये असतात. होय, बीटल्सवाला. म्हणजे अकोल्यातल्या एखाद्या वाड्यातला रेडिओ आणि बीटल्सचा अ‍ॅम्प हे सख्खे नाही तरी चुलत भाऊ नक्कीच.

फरक एवढाच की रेडिओचा आवाज फाटला तर लोक मेकॅनिककडे जायचे. "आवाज फाटून राहिला" ही तक्रार होती. तिकडे मात्र तीच तक्रार हळूहळू शैली बनली. १९५१ च्या 'रॉकेट ८८' या गाण्याची गोष्ट अशी सांगतात की मेम्फिसला जाताना गिटारचा अ‍ॅम्प खराब झाला, स्पीकरमध्ये कागद कोंबून तसंच रेकॉर्डिंग केलं आणि तो घरघरता आवाजच लोकांना आवडला. १९६४ मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं तर ब्लेडनं स्पीकर स्वतः फाडला. ज्याला आपण आज 'ट्यूबचा खरा आवाज' म्हणतो, तो मुळात एक बिघाड आहे. बनवणाऱ्यांनी तो टाळायचा जिवापाड प्रयत्न केला आणि वाजवणाऱ्यांनी तोच निवडला.

बरं, 'अस्सल' म्हणावं तर तेही अवघड आहे. मार्शलचा पहिला अ‍ॅम्प, जेटीएम ४५, १९६२ मध्ये लंडनमधल्या एका दुकानात जन्मला. तो अमेरिकेच्या फेंडर बासमनची जवळजवळ नक्कल होती. अमेरिकन माल महाग पडायचा म्हणून सर्किट तेच ठेवलं आणि पार्ट इंग्लंडमध्ये मिळतील ते घातले. नक्कल किंचित चुकली आणि त्या चुकीतून रॉकचा आवाज निघाला. थोडक्यात काय, अस्सल म्हणून आपण ज्याच्या पाया पडतो, तोही एक प्रकारचा मॉडेलरच.

मग वऱ्हाडातून व्हॉल्व्ह गेला कसा? आवाजामुळे नाही, विजेमुळे. ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये बनला (ही बेल वेगळी). त्याला तापावं लागत नाही, शेदीडशे व्होल्टही लागत नाहीत, दोन-चार सेलवर काम भागतं. शेतात वीज नव्हती, पण खांद्याला अडकवलेला ट्रान्झिस्टर कपाशीच्या ओळीत गात होता. व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर गेला, आणि त्याच्याबरोबर तो दुरुस्त करणारी माणसंही हळूहळू दुसऱ्या धंद्याला लागली.

हे मला कळलं ते स्वतःवर बेतल्यावर. २०१९ च्या मे महिन्यात मी पुण्याहून एक जुना पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प अमरावतीला घरी नेला. अकोला-अमरावतीचा मे म्हणजे पंचेचाळीस अंश, सगळ्या गावाचे कूलर एकदम चालू. मीटर लावला तर २३० च्या जागी १९०. आणि गंमत म्हणजे अ‍ॅम्प इतका मस्त वाजत होता की विचारू नका. व्होल्टेज कमी म्हणून आवाज लवकर फाटायचा, पण मऊ. एडी व्हॅन हॅलननं १९७८ च्या पहिल्या अल्बमसाठी व्हॅरिअ‍ॅक लावून मुद्दाम अ‍ॅम्पचं व्होल्टेज उतरवलं होतं. त्याला त्यासाठी वेगळं यंत्र लागलं, आपल्याला ते फुकटात मिळत होतं :)

फुकटचं फार दिवस टिकत नाही. एका संध्याकाळी वीज गेली, परत आली ती उसळी मारून, आणि थोड्या वेळानं एका व्हॉल्व्हची प्लेट निखाऱ्यासारखी लाल झाली. अमरावतीत चार ठिकाणी विचारलं. सगळ्यांनी हात जोडले. शेवटी कुणीतरी अकोल्याच्या एका काकांचा पत्ता दिला. वय ऐंशीच्या वर, दुकान कधीच बंद, घरातच एक टेबल.

काकांनी मागचा पत्रा काढला आणि हसले. "अबे, हा तं रेडिओच आहे! फक्त स्टेशन नाई लागत."

मी म्हटलं, "काका, व्हॉल्व्ह मेला का?"

"मेला नाई, त्याले मारलं. हा कंडेन्सर लीक आहे, पाह्य. विजेचं निमित्त झालं. हा आधी बदलू, नाई तं नवा बी जाईन."

काम करताना त्यांचा डावा हात कायम खिशात. बंद केलेल्या अ‍ॅम्पच्या कंडेन्सरमध्येही तीनशे व्होल्ट दबा धरून असतात. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो, एक हात खिशात असला तर वाचायची शक्यता जास्त. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, त्यांच्या उस्तादानं पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं. मग त्यांनी एक डबा काढला. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले बेलचे ईएल ८४. त्यातले दोन बसवले, मीटर पाहिला, म्हणाले, "आता थांब. डफ शेकल्याशिवाय बोलते का? तसंच हे." अर्ध्या मिनिटानं अ‍ॅम्प बोलला.

काका २०२१ मध्ये गेले. डबा कुठे गेला, माहीत नाही.

त्यानंतरच्या वर्षी, मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्धाच्या गडबडीत रशियानं व्हॉल्व्हच्या निर्यातीवर बंदी घातली. जगात व्हॉल्व्ह बनवणारे मोठे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला एक रशियात सारातोवला. काही काळानं माल पुन्हा निघाला, पण तोवर भाव चढले होते. तेव्हा मला अकोल्याचा तो डबा फार आठवला.

आता मॉडेलरकडे येऊ. १९९६ मध्ये लाईन ६ नं मॉडेलिंगचा अ‍ॅम्प काढला आणि १९९८ मध्ये पॉड नावाचा लाल डबा. त्यात प्रोग्रामरनं सर्किटचं वागणं गणितात लिहिलेलं असायचं. २०११ च्या केम्परनं उलट केलं. सर्किट काय आहे ते विचारायचंच नाही, अ‍ॅम्पमध्ये एक आवाज सोडायचा, काय बाहेर येतं ते ऐकायचं आणि त्यावरून नक्कल उभी करायची. आता न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर नावाचं मुक्त सॉफ्टवेअर हेच काम न्यूरल नेटवर्कनं करतं. खुद्द फेंडरनं २०१९ मध्ये आपल्याच ट्विन रिव्हर्बची डिजिटल आवृत्ती काढली. जुना साधारण २९ किलो, नवा १५. "उशीर जाणवतो" म्हणणाऱ्यांसाठी साधा हिशोब: पाच मिलिसेकंदांत आवाज पावणेदोन मीटर जातो. तेवढ्या अंतरावर तर आपण अ‍ॅम्पपासून उभेच राहतो.

गेल्या दिवाळीत मी माझ्या अ‍ॅम्पसमोर माईक ठेवला, तीन मिनिटांचा चाचणीचा आवाज त्यातून सोडला आणि लॅपटॉपला रात्रभर शिकू दिलं. सकाळी एक छोटीशी फाईल तयार होती. हेडफोनवर वाजवून पाहिलं. तोच फाटणं, तोच मऊपणा, अगदी काकांच्या ईएल ८४ सकट. पण ती फाईल म्हणजे एका दिवशीच्या, एकाच सेटिंगच्या अ‍ॅम्पचा फोटो आहे. उद्या कंडेन्सर लीक झाला तर काय करायचं, हे त्या फाईलला विचारता येत नाही.

म्हणून मावसभावाला काल परत फोन केला. उत्तर तेच राहिलं, कारण बदललं. म्हटलं, मॉडेलर घे, पण तो ट्यूबपेक्षा चांगला किंवा वाईट म्हणून नको घेऊ. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प एकटा विकत घेता येत नाही. त्याच्याबरोबर बरी वीज लागते, व्हॉल्व्ह पाठवणारा देश लागतो आणि शंभरेक किलोमीटरच्या आत एक हात खिशात घालून काम करणारा माणूस लागतो. आपल्याकडे तिन्ही कधीकाळी होतं, आज शेवटचं उरलं नाही.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, तुझा अ‍ॅम्प बिघडला तं मग?"

ते अजून ठरलेलं नाही. पण मी एक सोल्डरिंग गन घेतलीय, आणि आजीच्या माळ्यावरचा रेडिओ खाली उतरवलाय. तो येतोय पुढच्या शनिवारी. पहिला धडा खिशाचाच असेल.