पीएच.डी. झाली, पुढे काय?

2 ऑगस्ट 1954 ही तारीख आपल्या मंडळातल्या कुणालाही समजावून सांगायला नको. सिल्वासा मुक्त झाले तो दिवस. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे आणि पुढेही होईल. मला या वेळी त्याच्या दुसऱ्या दिवसाकडे लक्ष वेधायचे आहे. 3 ऑगस्ट 1954 रोजी अणुऊर्जा विभाग स्थापन झाला आणि त्याची सूत्रे होमी भाभांकडे आली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध काहीच नाही. पण पुढे ज्या मुंबईकडे आपली हुशार मुले वापीहून गाडी पकडून शिकायला गेली, त्या मुंबईत भौतिकशास्त्राचे संशोधन करून पोट भरता येईल अशी सोय ज्यांनी उभी केली, त्यांत भाभांचे नाव पहिले येते.

पोट भरण्याचाच हा विषय आहे. मी डिप्लोमावाला सरकारी नोकर, क्वांटमची गणिते मला येत नाहीत. अणू, इलेक्ट्रॉन, प्रकाशकण यांच्या पातळीवर निसर्गाचे नियम आपल्या रोजच्या अनुभवाहून निराळे असतात, त्या नियमांचे शास्त्र ते क्वांटम, एवढे माझे ज्ञान. मात्र पगारपत्रक, मंजुरी आणि अनुदानाची फाइल मला कळते. त्या बाजूने या शास्त्राचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते. मुलगा किंवा मुलगी पीएच.डी. करते तेव्हा वय अठ्ठावीस-तीस झालेले असते. कायम नोकरी लगेच मिळत नाही. मधली दोन-चार वर्षे कुणाच्या तरी फेलोशिपवर काढावी लागतात. यालाच पोस्ट-डॉक म्हणतात. आणि डोक्यात नव्या कल्पना येण्याचे वयही नेमके तेच.

हायझेनबर्गचेच पाहा. 1924-25 मध्ये हा जर्मन तरुण कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे राहिला तो अमेरिकेतल्या रॉकफेलरच्या पैशावर. 1925 च्या जूनमध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने नव्या क्वांटम यांत्रिकीचा पाया घातला. त्याच सुमारास आपले सत्येंद्रनाथ बोस ढाक्याला शिकवत होते. 1924 साली त्यांनी आपला निबंध आइन्स्टाइनला पाठवला. आइन्स्टाइनने त्याचे स्वतः जर्मन भाषांतर करून तो छापून आणला. त्याच्या पोस्टकार्डामुळे विद्यापीठाने बोसांची दोन वर्षांची युरोपवारीची रजा झटपट मंजूर केली, जर्मन वकिलातीने व्हिसाची फी घेतली नाही. एका पोस्टकार्डावर रजा मंजूर! आमच्या आस्थापना शाखेत हे कुणाला खरे वाटणार नाही.

भाभांना केंब्रिजला अशा वृत्त्या एकामागून एक मिळाल्या. त्यांच्या बळावर ते झुरिकला पाउलींकडे आणि रोमला फर्मींकडे जाऊन आले. सुट्टीत घरी आले असता 1939 चे महायुद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. 12 मार्च 1944 रोजी त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. 1945 मध्ये ती सुरू झाली, आधी बंगळूरला आणि त्याच वर्षाअखेरीस मुंबईत पेडर रोडवरच्या बंगल्यात. तीच टीआयएफआर.

आता कोल्हापूरकडे. विष्णु वासुदेव नारळीकर (जयंत नारळीकरांचे वडील) 1908 सालचे. मुंबईत बी.एस्सी. झाल्यावर 1928 साली ते केंब्रिजला गेले. मागे जे. एन. टाटा एंडाउमेंट होते, कोल्हापूर संस्थान होते. टाटांचा हा निधी 1892 पासूनचा. त्यातून मिळणारी मदत कर्जाऊ असते, शिकून आल्यावर फेडायची, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाच्या कामी येतो. मला ही पद्धत फार आवडते. नारळीकर रँग्लर झाले, आयझॅक न्यूटन विद्यावृत्ती मिळाली, रॅले पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेत कॅलटेकला जाऊन संशोधन करायचा विचार होता. तेवढ्यात गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेल्या पंडित मालवीयांनी त्यांना गाठले आणि बनारसला गणिताचे प्राध्यापकपद देऊ केले. 1932 मध्ये, चोविसाव्या वर्षी, ते काशीला रुजू झाले.

बरोबर केले की चूक? अमेरिकेत राहते तर स्वतःचे संशोधन अधिक झाले असते, असे म्हणता येईल. मला तसे वाटत नाही, कारण पुढची हकिकत. 1942 साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचे गुजराती शिक्षक नारळीकरांकडे काम करायला बनारसला गेले. सोबत पत्नी आणि तान्ही मुलगी. फेलोशिप नाही, पगार नाही, गाठीला साठवलेले पैसे तेवढे. ते पुरले तोवर राहिले. त्या अवधीत त्यांनी प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित मांडले. आज जगभर ते ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून शिकवले जाते. काशीला नारळीकर नसते तर वैद्य कुणाकडे गेले असते? आणि पैसे आणखी वर्षभर पुरले असते तर अजून काय हाती लागले असते, हेही मनात आल्यावाचून राहत नाही.

हा विषय सापेक्षतेचा, क्वांटमचा नव्हे, असे जाणकार म्हणतील. कबूल. पण पुढच्या पिढीत दोन्ही धागे एकत्र आले. जयंत नारळीकर 1972 मध्ये केंब्रिज सोडून टीआयएफआरला आले, तिथे टी. पद्मनाभन यांच्याबरोबर त्यांनी विश्वरचनेला क्वांटमचे नियम लावण्यावर काम केले. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला 1949 मध्ये जन्मलेले अभय अष्टेकर शिकागोला 1974 मध्ये पीएच.डी. झाले, मग ऑक्सफर्डला गेले. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम यांची सांगड घालणारी ‘अष्टेकर चले’ त्यांनी 1986 मध्ये मांडली. मधे बारा वर्षे गेली.

आज परिस्थिती पालटली आहे. राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल 2023 मध्ये 6003.65 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्यातले संवेदक आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. पुण्याच्या आयसरमधले क्वांटम हब ‘चाणक्य’ नावाने फेलोशिप देते, पदवीच्या विद्यार्थ्यापासून पोस्ट-डॉकपर्यंत. 2024 मध्ये पुण्याची डीआरडीओची प्रयोगशाळा, टीआयएफआर आणि टीसीएस यांनी मिळून सहा क्युबिटचा प्रोसेसर चालवून पाहिला.

मंजुरी आणि हातात पडणारा पैसा यांत मात्र अंतर असते, हे सरकारी नोकराइतके कुणाला कळणार? फेलोशिपचे हप्ते महिनोन्‌महिने अडकतात, मग पुण्या-मुंबईची खोली सोडावी लागते. घरून विचारणा सुरू होते, बँकेची परीक्षा का देत नाहीस, वापीत कंपन्या कमी आहेत का? आपल्या घरांत हा प्रश्न मायेपोटीच निघतो. तो विचारण्याआधी मुलाला एवढे जरूर विचारावे की फेलोशिप किती वर्षांची आहे आणि मागचा हप्ता कधी जमा झाला.